चेहरा नको, हात दाखव!

ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा ऑफ ठेवणं ही आपल्या पिढीनं २०२० च्या लॉकडाउनमध्ये कमावलेली सगळ्यात भारी कला. माइक म्यूट, स्क्रीनवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि अधूनमधून एक ‘येस, शुअर’. बास! कुणाला कळतही नाही की आपण टीशर्टमध्ये आहोत की पांघरुणात. प्रॉब्लेम एवढाच की, ही सवय आपण संध्याकाळच्या क्लासलाही घेऊन जातो.

क्लास म्हणजे गाण्या-वाजवण्याचा. आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच, ज्यानं पहिल्या बोनसमधून गिटार घेतलेली असते, किंवा शाळेत सुटलेलं गाणं पुन्हा सुरू केलेलं असतं. हिंजवडीहून कोथरूडला किंवा बीकेसीहून ठाण्याला पोचेपर्यंत आठ वाजतात. मग गुरुजींच्या घरी कधी जाणार? त्यापेक्षा रात्री नऊला लॅपटॉप उघडायचा, लिंकवर क्लिक करायचं आणि शिकायचं. मला यात काहीही कमीपणा वाटत नाही. मी स्वतः २०२० पासून सांगलीच्या माझ्या जुन्या सरांकडे असाच तबला शिकतेय. ऑनलाइन नसतं तर माझा तबला सांगलीतच माळ्यावर राहिला असता.

पण या चार-पाच वर्षांत एक गोष्ट माझ्या डोक्यात एकदम पक्की झालीय. ऑनलाइन क्लासमध्ये शिक्षकाला तुमचं वाजवणं नुसतं ऐकू येऊन भागत नाही, ते दिसलं पाहिजे. म्हणजे बोटं, मनगट, कोपर, खांदे, बैठक, सगळं. पटत नाही? मग माझ्या मैत्रिणीचा किस्सा ऐका.

कोपराला जागाच नाही

ही मैत्रीण एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. ठाण्याला वन बीएचके, त्यात एक रूममेट. दोन वर्षांपूर्वी तिनं तबला शिकायचं मनावर घेतलं. एका ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. एका बॅचला तीसेक जण. सर वाजवून दाखवणार, मुलं आपापल्या घरी म्यूटवर वाजवणार, शेवटी दोघा-तिघांनी अनम्यूट होऊन वाजवून दाखवायचं. कॅमेरा ऑन करायला कुणी सांगितलं नाही, म्हणून कुणी केला नाही. ती मन लावून रोज तासभर बसायची. आवाजही बरा यायचा. ‘व्हेरी गुड, नेक्स्ट’ असं तिला दोनदा मिळालंही.

चार महिन्यांनी उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला कळ यायला लागली. आधी तबल्यावर, मग माउस धरताना, मग कुकरचं झाकण लावताना. डॉक्टर म्हणाले डी क्वेरव्हेन. अंगठा हलवणाऱ्या स्नायूबंधांभोवती सूज येते, ती ही. टाइप करणारे, सतत मोबाइलवर असणारे, तान्ह्या बाळांना उचलणाऱ्या आया, अशा बऱ्याच लोकांना होते. मनगटाला पट्टा आणि काही आठवडे विश्रांती. ‘तबला बंद ठेवा’ हे ऐकून ती घरी आली आणि तबला विकायला काढायचा विचार करायला लागली. मला फोन करून म्हणाली, ‘आपल्या हाडातच नाहीये गं हे. लहानपणी शिकायला हवं होतं.’

मी म्हटलं, विकायच्या आधी एकदा आमच्या सरांना दाखव.

पट्टा निघाल्यावर एका रविवारी आम्ही तिघं कॉलवर आलो. तिनं छान केस-बिस विंचरून कॅमेरा ऑन केला. सर दोन सेकंद बघत राहिले आणि म्हणाले, ‘बाळ, चेहरा नको मला, हात दाखव.’

मग सुरू झाली कसरत. लॅपटॉप खाली ठेवला तर तबल्याचं लाकूड दिसायचं. स्टुलावर ठेवला तर नुसती पुडी. शेवटी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर मोबाइल अडकवून तो तिच्या उजव्या बाजूला लावला, तेव्हा कुठे खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात फ्रेममध्ये आला. सरांनी तिला फक्त ‘ना’ वाजवायला सांगितलं. हळू, एकेक. दहा-बारा ‘ना’ झाले असतील.

‘अगं, तुझ्या कोपराला जागाच नाही!’

खरंच नव्हती. ती बसायची पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत, कारण त्या घरात मांडी घालून बसायला तेवढीच जागा होती. पलंगाची कड उजव्या कोपराला टेकायची. कोपर बाहेर जाऊ शकत नाही म्हटल्यावर चाटेपर्यंत बोट पोचवायला मनगट करंगळीच्या बाजूला वाकायचं आणि अंगठा ताठ वर उभा राहायचा. रोज तासभर, चार महिने! आणि गंमत म्हणजे आवाज मात्र ठीकच यायचा. शरीर फार जुगाडू असतं. वाकड्या वाटेनं का होईना, मागितलेला ‘ना’ ते काढून देतं. बिल नंतर पाठवतं.

सरांनी तिला पलंगापासून वीतभर सरकायला लावलं, तबल्याची चुंबळ थोडी फिरवून पुडीचा कल बदलला आणि पहिला महिनाभर रोज फक्त १५ मिनिटं वाजवायची परवानगी दिली, तीही डॉक्टरांना विचारूनच. दुखणं काही जादूसारखं गेलं नाही. पण आज ती वाजवते, तबला विकलेला नाही आणि ‘हाडातच नाहीये’ हे वाक्य मी पुन्हा ऐकलेलं नाही. सर मला नंतर म्हणाले, ‘नुसतं ऐकून मलाही कळलं नसतं.’

कॉलवर कान उपाशी राहतो

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सरांचा कान भयंकर तयार आहे. जुन्या गुरूंचे किस्से आपण ऐकलेले असतात ना... गुरुजी आतल्या खोलीत पडलेत, बाहेर शिष्य रियाज करतोय आणि आतून आवाज येतो, ‘बोट चुकलं!’ तसे आमचे सर. मग त्यांना बघायची गरज का पडावी?

कारण आतली खोली आणि झूम कॉल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतल्या खोलीत पूर्ण आवाज पोचतो. कॉलवर आपला आवाज बरंच काही सोसून पलीकडे जातो.

पहिली गोष्ट, ही ॲप्स बोलण्यासाठी बनलीत. मागचा पंखा, कीबोर्डची खटखट, टेबलावरची टकटक म्हणजे ‘नॉइज’, आणि तो दाबायचा, असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. आता तुम्हीच सांगा, तबला म्हणजे त्याच्या दृष्टीनं काय? खुद्द झाकीर हुसेन त्याच्यासाठी टेबल वाजवणारा माणूस! तानपुऱ्याचा एकसुरी आवाज त्याला पंख्यासारखा वाटतो आणि तो गिळला जातो. शिवाय आवाज आपोआप कमी-जास्त करून एका पातळीवर आणला जातो, त्यामुळे हलका बोल आणि वजनदार बोल यातलं अंतर पुसट होतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाचं सेटिंग आहे. ते ऑन केलं की बराच फरक पडतो. पण ते ऑन करायचं असतं हे माहीत असलेले किती जण?

दुसरी गोष्ट, डग्गा. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की तो खर्जातला घुमारा, ती मींड निघते. लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून एवढा खालचा आवाज नीट येतच नाही. म्हणजे डावा हात शिक्षकाला अर्धामुर्धाच ऐकू येतो. मनगट किती दाबलंय, कधी सरकतंय, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट, उशीर. दोन वादकांमध्ये साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की एकत्र वाजवणं अवघड होत जातं. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे समुद्राखालून सरळ रेषेत केबल टाकली, तरी एका बाजूचा प्रवास ६० मिलिसेकंदांहून जास्त. प्रत्यक्षातल्या कॉलवर तर उशीर आणखी वाढतो. त्यामुळे अमेरिकेतल्या विद्यार्थ्याबरोबर सर टाळी देऊ शकत नाहीत, सोबत वाजवू शकत नाहीत. समोरासमोर बसून शिकवताना शिक्षक नकळत जे शंभर इशारे देतो-घेतो, ते सगळे बाद.

आणि सगळ्यात मोठं बाद झालेलं म्हणजे स्पर्श. सर स्वतः शिकले तेव्हा त्यांचे गुरुजी शेजारी बसून दोन बोटांनी त्यांचं मनगट नुसतं धरून ठेवायचे. ते वाजवत राहायचे, आणि ताण कुठे येतोय ते गुरुजींना बोटांनी कळायचं. कॉलवरून मनगट धरता येत नाही. त्याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट शिक्षकाच्या हातात उरते, ती म्हणजे नजर. तीही आपण कॅमेरा ऑफ करून काढून घेतली, तर त्यानं शिकवायचं कशाच्या जोरावर?

निकास म्हणजे काय रे भाऊ?

तबल्यात एक शब्द आहे, निकास. बोल कसा काढायचा, त्याची पद्धत. कोणतं बोट, कुठे, किती वेळ, बाकीची बोटं काय करतायत, हे सगळं त्यात आलं. वहीत लिहिताना ‘ना’ म्हणजे ‘ना’. पण दिल्ली घराण्याचा ‘ना’ चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर येतो, तर पूरब बाजात लव आणि शाईचा वापर जास्त. ‘तिरकिट’ची बोटं तर घराण्यानुसार बदलतात. अक्षरं तीच, हात वेगळे. म्हणूनच नोटेशन कितीही चांगलं असलं तरी निकास पुस्तकातून येत नाही. तो बघून येतो आणि कुणीतरी आपल्याकडे बघितल्यावर पक्का होतो.

यातला दुसरा भाग आपण विसरतो. यूट्यूबवर थोरामोठ्यांचे हात बघण्याची सोय आज जेवढी आहे तेवढी आधी कधीच नव्हती. पण व्हिडिओ आपल्याला दिसतो, आपण व्हिडिओला दिसत नाही! ‘ना’ वाजवताना तुमची अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलीय की दाबून बसलीय, हे तो सांगणार नाही. फीच्या बदल्यात आपण शिक्षकाकडून जे विकत घेतो, त्यातली सर्वात महागडी वस्तू हीच असावी. माहिती फुकट मिळते. आपल्याकडे बघणारी तयार नजर फुकट मिळत नाही.

आणि हे फक्त तबल्याचं नाही. गिटारवाल्यांनो, डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागे काय करतोय ते समोरच्या कॅमेऱ्यात दिसतच नाही. कीबोर्डवर मनगट पडलंय की उचललंय, हे बाजूनंच कळतं. व्हायोलिनवाल्यांचा गज ब्रिजला समांतर जातोय का आणि उजवं कोपर मोकळं आहे का, हे बघायला हवं. हार्मोनियमवर सुरांच्या हाताइतकाच भात्याचा हात महत्त्वाचा, आणि तोच नेमका फ्रेमबाहेर असतो. गाणाऱ्यांना वाटतं की आपलं काय, आपण गळ्यानं गातो. पण दिवसभर लॅपटॉपसमोर पोक काढून बसलेला माणूस त्याच पोकासकट गायला बसला की श्वास घेताना खांदे वर जातात, वरच्या सुरासाठी हनुवटी उचलली जाते, जबडा आवळला जातो. हे शिक्षकाला ऐकू येतं ते ‘सूर थोडा चढा लागतोय’ एवढंच. का लागतोय, ते दिसलं तरच सांगता येतं.

कॅमेरा कुठे लावू?

आता थोडं कामाचं. यासाठी महागडा सेटअप लागत नाही. आमच्या सरांचा न्यू जर्सीतला दहा वर्षांचा विद्यार्थी मोबाइल कुकरच्या रिकाम्या खोक्यावर ठेवून शिकतो.

घरात लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही असतात. क्लासला दोन्हीवरून जॉइन व्हा. लॅपटॉप समोर ठेवा आणि आवाज त्याचाच चालू राहू द्या. मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर अशी किंचाळी निघेल की शेजारी बेल वाजवतील. मोबाइल फक्त हातांसाठी. तबल्याला तो बाजूनं आणि थोडा वरून लावा. सर म्हणाले, आता डावीकडून, की उचलून तिकडे न्यायचा. फुकटच्या झूमवर मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते, त्यामुळे ही मांडामांड क्लासच्या आधीच करा.

दिवा पुढून किंवा बाजूनं हवा. मागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असली की हातांची सावली तेवढी दिसते. उजेड कमी असला की कॅमेरा सेकंदाला कमी चित्रं टिपतो आणि द्रुत लयीत बोटांचा नुसता धूर होतो. म्हणून अवघड जागा हळू लयीत वाजवून दाखवा. बॅकग्राउंड ब्लर आणि ते समुद्रकिनाऱ्याचं चित्र मात्र बंद करा. सॉफ्टवेअर माणूस ओळखतं, डग्गा ओळखत नाही. बघता बघता तो समुद्रात गडप होतो!

आता एक नाजूक मुद्दा, विशेषतः आपल्या मैत्रिणींसाठी. बेडरूममध्ये, घरच्या कपड्यांत, अनोळखी लोकांच्या बॅचसमोर कॅमेरा ऑन करायला नको वाटतं. ते अगदी बरोबर आहे आणि त्यावर कुणी नाक मुरडू नये. पण इथे चेहऱ्याची गरजच नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची फ्रेम पुरते. मोठ्या बॅचमध्ये दाखवायचं नसेल तर शिक्षकाकडे आठवड्यातली दहा मिनिटं वेगळी मागा. क्लास रेकॉर्ड होत असेल तर ते आधी विचारून व्हायला हवं आणि तुम्हाला नाही म्हणता आलं पाहिजे. आणि एखादा शिक्षक महिनोन् महिने तुमचे हात बघायला मागतच नसेल, तर तुम्ही स्वतः विचारा, ‘सर, माझा हात बघता का जरा?’ फी भरताय बॉस, एवढं विचारायचा हक्क आहे!

बघून घेणारी माणसं

सर आता सत्तरीकडे झुकलेत. गुडघ्यांमुळे पूर्वीसारखा प्रवास होत नाही. सांगलीतल्या त्यांच्या दिवाणखान्यात एका स्टुलावर टॅब, दुसऱ्यावर चहाचा कप. शनिवारी दुपारनंतर न्यू जर्सी, रात्री ठाणे आणि मी. गेल्या वर्षी त्यांना टॅब बदलून मोठा स्क्रीन घ्यायचा होता, म्हणून मी सोबत दुकानात गेले होते. दुकानदार स्पीकर किती भारी आहे ते सांगत होता. सरांनी त्याला थांबवून विचारलं, ‘यात बोटं किती मोठी दिसतील?’ त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

मला मात्र बरोब्बर कळला. त्यांच्या गुरुजींनी मनगट धरून दिलेलं जे काही आहे, ते सर या काचेतून आमच्या हातात पोचवायचा प्रयत्न करतायत. ते त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि लिहून ठेवण्यासारखं ते नाहीच. आमचे हात त्यांना दिसले तरच ते पुढे सरकणार. नाहीतर आम्हाला बोल पाठ होतील, कायदेही येतील, परीक्षाही पास होऊ... पण हात मात्र ज्याचा त्याला सापडेल तसा.

तेव्हा दोस्तांनो, या आठवड्यातल्या क्लासच्या आधी पाच मिनिटं काढा. पलंगापासून जरा सरकून बसा, दिवा पुढे घ्या, मोबाइल बाजूला टेकवा. आणि ‘ऐकू येतंय ना?’ हा आपला नेहमीचा प्रश्न विचारून झाला की लगेच दुसराही विचारा, ‘दिसतंय ना?’